एका धावेची मुभा

रमाकांत आचरेकर २ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्या नावाबरोबर तेंडुलकर, कांबळी, अमरे ही नावे ओघानेच आली. त्यांच्या स्वतःच्या खात्यावर मात्र प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून. नोकरी सांभाळून शिवाजी पार्कवर मुले घडविणारे हे गृहस्थ मूळचे मालवणचे. स्तुतीच्या बाबतीत कमालीचे काटकसरी. सरावात यष्टीवर रुपया ठेवीत. बाद न होणाऱ्या फलंदाजाला तो मिळे, नाहीतर बळी घेणाऱ्या गोलंदाजाला. शाबासकी काय ती एवढीच.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन-विनोद जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागी रचली. डाव घोषित करण्याचा निरोप दोघांनीही कानाआड केला होता. उपाहाराच्या वेळी दूरध्वनीवर सरांची गाठ पडली. कांबळी ३४९ वर नाबाद होता. त्याने एकाच धावेची मुभा मागितली. ती मिळाली नाही. मुलांच्या धावांचे हिशेब वहीत टिपून ठेवणाऱ्या पालकांना हा निर्णय निष्ठुर वाटेल. सरांच्या लेखी सामना जिंकायचा होता, आणि त्यासाठी गोलंदाजांना वेळ हवा होता. कांबळीने मग चेंडू हाती घेतला आणि सहा बळी टिपले.