एकवीस आकडी संख्येचे दोन अवयव

मंडळी, मूठभर चिंचोके घेऊन बसा. बारा चिंचोके असले तर चार-चारांच्या तीन सारख्या ओळी लागतात. तेरा घेतले की सारख्या ओळी काही जमत नाहीत; एकच लांब रांग लावावी लागते. म्हणून तेरा ही मूळ संख्या, आणि बाराचे अवयव पडतात.

लहान संख्येचं हे झालं. पण संख्या फार मोठी असली तर?

एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, अशी सदुसष्ट वेळा दुप्पट करा आणि शेवटी एक वजा करा. संख्या येते ती अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. फ्रान्समधील मेर्सेन नावाच्या विद्वान पाद्र्याने १६४४ साली ही मूळ संख्या आहे असे लिहून ठेवले. दोनशेहून अधिक वर्षे ते तसेच राहिले.

१८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले की, ही मूळ संख्या नव्हे. मौज अशी की, तिचे अवयव कोणते हे त्यालाही ठाऊक नव्हते! छपरातून धूर निघताना दिसला म्हणजे घरात चूल पेटली आहे हे कळते, पण चुलीवर काय शिजतंय ते कळत नाही. तसंच हे.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल हे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. सांगतात की, एक शब्दही न बोलता त्यांनी हा गुणाकार करून दाखवला:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

उत्तर नेमके तीच एकवीस आकडी संख्या! हे अवयव शोधायला किती वेळ लागला, असे पुढे कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले म्हणे, 'तीन वर्षांचे रविवार.'

गुरुजी, वर्गात नवाचा ताळा घेऊन पाहा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. उत्तराची १०९, म्हणजे १०, म्हणजे पुन्हा १. एक गुणिले एक, एकच. ताळा जुळला! मात्र मुलांना हेही सांगा, की ताळा चुकला तर गुणाकार नक्की चुकला. पण ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असेल असे नाही. खात्रीसाठी पुरा गुणाकारच मांडायला हवा.

गुणाकार पाटीवर होतो, पण अवयव शोधायला वर्षे लागतात. आजचा संगणक कोल यांचे अवयव क्षणात काढील. परंतु शेकडो आकडी संख्या नीट निवडली, तर त्याचेही हात टेकतात. १९७७ साली या अवघडपणावरच गुप्त संदेशांचे एक कुलूप तयार झाले, आणि ते आजही वापरात आहे.

तेव्हा एखाद्या मुलाने विचारले, 'गुरुजी, अवयव पाडून काय करायचं?' तर त्याला चिंचोके द्या, आणि मग ही गोष्ट सांगा.