मुलांचे अवांतर वाचन : नांग्या वेळेवर भरा



या पानावर आम्ही एरवी लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट कुजवणे अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेस मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांवर लिहायचे ठरवले आहे. ऊस विकास अधिकाऱ्याचा आणि गोष्टीच्या पुस्तकांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. ऊसनोंदीसाठी आम्ही घरोघर फिरतो. नोंदीच्या कागदावर सही करण्याआधी बरेच सभासद घरातल्या शिकत्या पोराला हाक मारतात, "ये रे, साहेबांनी काय लिहिलंय वाच बघू." पाचवी-सहावीतले पोर कागद घेते, अक्षराला अक्षर जोडत दोन ओळी कशाबशा ओढते आणि कागद आजोबांच्या हातात देऊन पळते. हे एका घरात नव्हे, बऱ्याच घरांत दिसते. पोर मठ्ठ नसते बरं का. पंपाचा आवाज ऐकून तो पाणी ओढतोय की हवा, हे तेच पोर सांगते.

ही गत आपल्याच तालुक्याची आहे असेही नाही. 'असर' या नावाने देशभरच्या खेड्यांत घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासले जाते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या साधारण निम्म्याच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला.

नांगी कधी भरायची?

लागणीनंतर महिनाभरात आपण सरीसरीने फिरून उगवण बघतो. जिथे डोळा फुटला नाही तिथे नांगी भरतो. वेळेवर भरलेला ऊस बाकीच्यांच्या बरोबरीने वाढतो. तीन महिन्यांनी भरली तर शेजारचा ऊस त्याला सावलीत घेतो. मग खत टाका नाही तर पाणी द्या, तो मागेच राहतो. वाचनाचे असेच आहे. चौथीपासूनची पुस्तके 'मुलाला वाचता येते' असे धरूनच लिहिलेली असतात. तिसरीपर्यंत ज्याचे वाचन बसले नाही, त्याला पुढे इतिहास, भूगोल, विज्ञान, इतकेच काय, गणितातले शाब्दिक उदाहरणही अडते. केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या 'निपुण भारत' अभियानानेही तिसरीचीच मर्यादा धरली आहे. अर्थात माणसाचे पोर उसाहून चिवट. उशिरा भरलेली नांगीही तिथे जगते. पण कष्ट चौपट पडतात.

आता वाचन बसावे कसे? सायकल कशी चालवावी हे सांगून सायकल येत नाही, ती चालवूनच येते. वाचनही पुष्कळ वाचूनच येते. शाळेचे एक पाठ्यपुस्तक वर्षभर पुरवून पुरवून वाचले, तर तेवढ्याने हात बसत नाही. पुष्कळ वाचायचे तर मुलाला त्यात गोडी वाटली पाहिजे. सक्तीने कुणी पुष्कळ वाचत नाही, मोठी माणसेही नाहीत. म्हणून गोष्टीचे पुस्तक म्हणजे नुसती करमणूक नाही, तो वाचनाचा पाया आहे.

घरात कानडी, शाळेत मराठी

अक्कलकोट तालुक्याची म्हणून एक वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे पुष्कळ घरांत चुलीपाशी कानडी आणि शाळेत मराठी. काही गावांत कानडी माध्यमाच्या शाळाही आहेत, त्यांची पाठ्यपुस्तके आपली बालभारतीच छापते. दोन भाषा कानावर पडणे ही खरे तर मुलाची श्रीमंती. पण पहिलीतल्या पोरासमोर मराठीतला अनोळखी धडा आला, तर अक्षर नवे, शब्द नवा आणि गोष्टही नवी. एकदम तीन ओझी कशी उचलायची त्याने?

यावर उपाय आपल्या आजीपाशी आहे. मराठी घरात चिऊ-काऊची गोष्ट सांगतात. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते आणि तो चिमणीचे दार ठोठावतो. कानडी घरात हेच दोघे 'कागक्का-गुब्बक्का' होऊन येतात. "अज्जी, कथी हेळ" म्हणून हट्ट करणाऱ्या पोराने ही गोष्ट आधी घरी ऐकलेली असली, की शाळेतल्या मराठी पुस्तकात काऊ-चिऊ भेटल्यावर त्याचे डोळे चमकतात. गोष्ट ओळखीची, पुढे काय होणार ते ठाऊक. मग शब्दाचा अंदाज बांधत ते वाचून जाते. तीन ओझ्यांपैकी एक आजीने आधीच उतरवून ठेवलेले असते. म्हणून घरची भाषा कानडी असेल तर कानडीतच गोष्टी सांगा. त्याने मराठी बिघडत नाही, उलट सोपी होते.

आणखी एक पाहा. कानडीत 'ओदु' म्हणजे वाच, आणि 'ओदु' म्हणजे अभ्यास करही. आपण पोरावर दिवसातून दहादा "ओदु, ओदु" म्हणून ओरडतो. मराठी घरातही 'पुस्तक घे' याचा अर्थ 'अभ्यासाला बस' असाच असतो. मग पुस्तक दिसले की पोराला परीक्षा आठवते. शाळेच्या भिंतीवर 'वाचाल तर वाचाल' असे सुंदर अक्षरात रंगवलेले असते, आणि त्याच्याच खाली पुस्तकांच्या कपाटाला कुलूप! फाटतील, हरवतील म्हणून. अहो, फाटलेले पुस्तक म्हणजे वाचलेले पुस्तक. कुलपातले पुस्तक तेवढे नवे राहते.

गिजुभाईंचा मास्तर

गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका (१८८५-१९३९) म्हणून थोर शिक्षक होऊन गेले. आपल्या ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर काम केले आणि पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचे मोठे कार्य उभारले. गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे १९३२ सालचे छोटेसे पुस्तक आहे. गोष्ट कल्पित, पण अनुभवातून लिहिलेली. एक मास्तर चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्याच दिवशी पोरे दंगा करतात. मास्तर छडी काढत नाही, गोष्ट सुरू करतो. गोष्टीच्या ओढीने पोरे शांत बसायला लागतात. पुढे तो म्हणतो, प्रत्येकाने तेच ते क्रमिक पुस्तक विकत घेण्यापेक्षा ते पैसे एकत्र करून निरनिराळी पुस्तके आणू. अशी वर्गाची लायब्ररी तयार होते. पुस्तके सगळ्यांची, वाचायची ज्याला जे आवडेल ते.

आपण सहकारातली माणसे. थेंबाथेंबाने भागभांडवल जमवून कारखाना उभा केला. एकाच्या पैशात एक पुस्तक, वीसजणांच्या पैशात वीस पुस्तके आणि प्रत्येकाला वीसही वाचायला, हे गणित आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

कोणती पुस्तके घ्यावीत?

पहिली-दुसरीसाठी : चित्रे मोठी, मजकूर थोडा. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि यशच्या गोष्टी घ्या. चित्रेही त्यांचीच. घरातली साधी माणसे, साधे प्रसंग, उपदेश नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालाही चांगली आणि स्वस्त. कवितांसाठी विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' आणि 'एटू लोकांचा देश'. या मोठ्याने म्हणायच्या. अर्थ विचारायचा नाही, हसू आले की झाले.

तिसरी-चौथीसाठी : साने गुरुजींच्या 'गोड गोष्टी', राजीव तांबे यांचे 'प्रेमळ भूत', ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या'. 'श्यामची आई' हे साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो. म्हणून ते एकट्याने वाचण्यापेक्षा रात्री जेवणानंतर एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. एका रात्री एकच प्रकरण.

पाचवीपासून पुढे : भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे'. हा बनेश फेणे फुरसुंगीचा, म्हणजे गावाकडचाच गडी. सायकल दामटतो, चोर पकडतो. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलांना हे औषध लागू पडते. ल. म. कडू यांच्या 'खारीच्या वाटा' या पुस्तकाला २०१७ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणात जाणाऱ्या गावातले बालपण त्यात आहे. शेतकऱ्याच्या पोराला ते आपले वाटेल.

मासिकांत बालभारतीचे 'किशोर'. ते १९७१ पासून निघते. शाळेच्या पत्त्यावर एक वर्गणी लावली तरी पूर्ण वर्ग वाचतो.

कानडी वाचणाऱ्या मुलांसाठी पंजे मंगेशराव आणि जी. पी. राजरत्नम् यांच्या गोष्टी-गाणी आहेत. शिवराम कारंतांसारख्या मोठ्या लेखकानेही मुलांसाठी भरपूर लिहिले आहे.

पैसे आणि मोबाईल

पैशाचे म्हणाल तर २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरला. तोडणी-वाहतूक वजा जाता एका टनाचे जे हातात येईल, तेवढ्यात लहान मुलांची दहा-पंधरा पुस्तके सहज येतात. वर्षाला एक टन पोरांच्या नावाचा. एवढे तर आपण बैलांच्या झुलीवर, बेंदराच्या मिरवणुकीवरही करतो.

ज्यांना तेही जड आहे त्यांच्यासाठी मोबाईल आहेच. 'किशोर'चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीवर'वर २०१५ पासून चित्रांच्या गोष्टी मोफत मिळतात. एकच गोष्ट पुष्कळदा मराठीतही असते आणि कानडीतही. आपल्या तालुक्याला यापरते सोयीचे काय? आधी कानडीत ऐकवा, मग मराठीत वाचू द्या. मात्र मोबाईल पोराच्या एकट्याच्या हातात न देता मांडीवर घेऊन वाचा. नाहीतर गोष्ट बाजूला आणि भलतेच चालू.

घरच्यांनी काय करावे?

१. रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे टीव्ही बंद. त्या वेळात गोष्ट सांगा, वाचा किंवा ऐका.

२. आई-वडिलांना वाचता येत नसेल तर लाजू नये. पोराला म्हणावे, "तू वाच, मी ऐकते." ऐकणारे कुणी असले की वाचणाऱ्याला जोर येतो.

३. वाचताना अडले तर लगेच टोकू नये, शब्द हळूच सांगावा. गोष्ट संपल्यावर "काय बोध घेतलास?" हा प्रश्न नको. "मग पुढं काय झालं?" एवढे पुरे.

४. पुस्तक पोराला निवडू द्या. एकच पुस्तक दहादा वाचले तरी हरकत नाही. पुस्तक आवडले नाही तर अर्धवट टाकू द्या.

५. पहिल्या नंबराला स्टीलचा डबा देण्याऐवजी पुस्तक द्या. वाढदिवसालाही तेच.

गावात शासनमान्य ग्रंथालय असेल तर तिथे मुलांचा विभाग आहे का, हे जाऊन विचारा. वर्तमानपत्र वाचून परत येऊ नका.

कोपीतली पोरे

शेवटी एक जबाबदारीची गोष्ट. हंगाम सुरू झाला की बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात. आई-बाप पहाटे कोयता घेऊन फडात, आणि सात-आठ वर्षांचे पोर धाकट्याला सांभाळत कोपीत किंवा वाढे गोळा करत फडाच्या कडेला. ऐन शिकायच्या वयात त्यांचे दरवर्षी पाच-सहा महिने बुडतात. नांगी म्हणतात ती हीच. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून यांच्या शिक्षणात खंड पडतो, हे सभासदांनी विसरू नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही जवळच्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. गावाकडच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी कार्ड असेल तर उत्तमच, नसले तरी मुलाला परत पाठवता येत नाही. टोळी आपल्या फडात उतरली की मुकादमाला एवढे विचारा, "पोरं किती? शाळेत गेली का?" आणि आपल्या घरची वाचून झालेली पुस्तके पत्र्याच्या पेटीत घालून कोपीवर पाठवा. गट कार्यालयात आणून दिलीत तर आमची शेतकी विभागाची मंडळी ती पोचवतील. ऊस बघायला रोज जातोच, पेटी जड नाही.

१५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्याच सुमारास आपली बॉयलर पेटवण्याची गडबड असते. बॉयलर पेटण्याआधी प्रत्येक सभासदाच्या घरात एक तरी गोष्टीचे पुस्तक यावे, एवढी विनंती. बेणे चांगले तर ऊस चांगला, हे आम्ही नेहमी सांगतो. प्राथमिक शाळा हा आपल्या गावाचा बेणेमळा आहे. त्याला पाणी कमी पडू देऊ नका.



— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग