कातळाने घडवलेली खरपुडी

सातबाऱ्यावर पोटखराबा नावाची एक नोंद असते. जिथे नांगर चालत नाही, पीक येत नाही, ती जमीन तिथे जाते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे आणि कोकणातले बरेचसे सडे कागदोपत्री याच मापाचे. मे महिन्यात पाहिलं तर ते पटतंही. काळवंडलेला जांभा, वाळून गेलेलं गवत आणि चपलेतूनही बसणारा चटका, याखेरीज तिथे काही दिसत नाही. तरीही वनस्पतींच्या नव्या प्रजाती घडण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात या पोटखराब्याच्या तोडीची जमीन सापडणं कठीण, असं माझं ठाम मत आहे. घनदाट जंगलाचं कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो. उत्तर सह्याद्रीत मात्र, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या वनस्पतींची खरी दाटी मोठ्या वृक्षांमध्ये नाही. ती आहे पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या वीत-दोन वीत उंचीच्या रोपांमध्ये, आणि त्यांतली कितीतरी उघड्या कातळावर नाहीतर कड्यांच्या गवताळ उतारांवर राहतात.

याचं पहिलं कारण हवामान. पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाला, केरळात, वर्षाचे कोरडे महिने दोन-तीनच असतात. उत्तरेकडे सरकावं तसे ते वाढत जातात, आणि नाशिकच्या डोंगरांत सात-आठ होतात. ज्या झाडांना मुळाशी बारमाही ओल लागते, ती या वाटेवर एकेक करून मागे पडतात. त्यांच्या जागी येतात चार महिन्यांत सगळा संसार आटोपून उरलेले आठ महिने कंदाच्या नाहीतर बियांच्या रूपात जमिनीत काढणाऱ्या वनस्पती.

दुसरं कारण भूगोल. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि दख्खनचं पठार तयार झालं. पुढे उष्ण, दमट हवेत वरचा बेसॉल्ट झिजून त्याचा जांभा झाला. हा जांभा उघडा पडला की कडक कवचासारखा टिकतो. त्याच्या आजूबाजूचा भाग मात्र नद्या आणि ओढे कोरून नेतात. बऱ्याच भूशास्त्रज्ञांच्या मते आजचे सुटे सुटे उंच सडे म्हणजे एकेकाळच्या सलग पृष्ठभागाचे उरलेले तुकडे आहेत. कासच्या पठारावरून समोर पाहिलं की दुसरा सडा हाताच्या अंतरावर वाटतो, पण मध्ये खोल दरी आणि दरीत दाट झाडी. कातळावरच्या रोपासाठी ती झाडी म्हणजे समुद्रच. दर्यात बेटं असावीत तसे हे सडे हवेत एकमेकांपासून तुटलेले आहेत.

एवढ्या दोन गोष्टींतून काय घडू शकतं, ते पाहायला खरपुडीइतकं चांगलं उदाहरण नाही. कुठे हिला हमण म्हणतात, कुठे कंदीलपुष्प. शास्त्रीय भाषेत ही सेरोपेजिया. भारतात या गटाच्या पन्नासाहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक भारताबाहेर आढळत नाहीत. त्यांचा मोठा हिस्सा सह्याद्रीचा. नुसती नावं वाचली तरी नकाशा डोळ्यांसमोर येतो: पांचगणीवरून पांचगणिएन्सिस, सह्याद्रीवरून सह्याद्रिका, नाशिकजवळच्या अंजनेरीवरून २००६ साली नाव मिळालेली अंजनेरिका. जुन्नरच्या डोंगरांची वेगळी, कोकणच्या सड्यांची वेगळी. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रातल्या एम. वाय. अन्सारी यांनी या गटासाठी अनेक वर्षं दिली आणि त्यातल्या कितीतरी प्रजाती जगापुढे आणल्या. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते काम नेटाने चालवलं.

हिचं फूल जवळून पाहावं. खाली फुगीर कोठी, वर अरुंद नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या टोकाला जुळून झालेला छोटा पिंजरा. वासाला भुलून एखादी बारीक माशी पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते. नळी आतून निसरडी असते आणि तिच्यावरचे केस खाली झुकलेले. माशी उतरू शकते, चढू शकत नाही. कोठीत धडपडताना तिच्या सोंडेला परागांचा चिमुकला पुंज अडकतो. साधारण एका दिवसाने केस कोमेजतात, वाट मोकळी होते, आणि माशी तो पुंज घेऊन पुढच्या फुलात पुन्हा अडकायला निघते.

सारा व्यवहार त्या माशीच्या आवडीवर चालतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या प्रजातीबद्दल २०१६ साली एक शोध प्रसिद्ध झाला. तिच्या फुलाचा वास जखमी मधमाशीच्या वासासारखा असतो, आणि जखमी मधमाश्यांवर जगणाऱ्या माश्या त्याला फसून आत येतात. वासात इतका नेमकेपणा असेल, तर त्यात थोडा बदल झाला तरी वेगळी माशी येणार. वेगळी माशी आली की पराग वेगळ्या फुलांत जाणार. एकाच डोंगरावर राहूनही दोन रोपांच्या वाटा अशा कायमच्या वेगळ्या होऊ शकतात.

आता यात सड्यांचं तुटलेपण मिळवा. खरपुडीच्या बीला रेशमी केसांचा झुबका असतो, वाऱ्यावर ते दूर जाऊ शकतं. पण उडालेलं बी दरीतल्या झाडीत पडलं तर फुकट. लाखांतलं एखादं पलीकडच्या कातळावर, नेमक्या मातीच्या कपारीत पडतं आणि तिथे पाच-दहा रोपांची वसाहत उभी राहते. अशा छोट्या वसाहतीत योगायोगाला फार वजन येतं. रानडुकरांनी एका रात्रीत निम्मे कंद उकरून खाल्ले, तर उरलेल्या रोपांत जे गुण असतील तेच पुढच्या पिढ्यांचे गुण. मूळ सड्यावरून पराग येत नाहीत, त्यामुळे वेगळेपण पुसलं जात नाही. वर त्या सड्याचा स्वतःचा वारा, स्वतःचं ऊन, स्वतःचा पाऊस निवड करत राहतो. उघड्या, वाऱ्याच्या माथ्यावरच्या कित्येक खरपुड्या ठेंगण्या आणि ताठ असतात. झुडपांच्या कडेने राहणाऱ्या वेलीसारख्या चढतात. काही वनस्पतींत गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊन एका झटक्यात नवी प्रजाती तयार होते. भारतीय खरपुड्यांपैकी बहुतेकींत गुणसूत्रं २२च राहिली आहेत. म्हणजे इथलं वेगळं होणं मुख्यतः जागेने, हवेने आणि माशीने सावकाश घडवलेलं आहे, असं मला वाटतं.

पावसाचा हिशेबही आपल्याकडे फार थोड्या अंतरात बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईला पोचेपर्यंत तो हजाराच्या आत येतो. मधली पांचगणी ना इतकी ओली, ना तितकी कोरडी. मोटारीने तासाभरात पार होणाऱ्या या पट्ट्यात ओलीचे इतके टप्पे आहेत की प्रत्येक टप्प्याला वेगळं रोप सरस ठरू शकतं.

वेगळं व्हायला नेहमी दरीच लागते असंही नाही, वेळही पुरते. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मरते. तिच्याच गटातली नीलगिरीकडची नीलकुरिंजी बारा वर्षांनी. शेजारी शेजारी वाढणाऱ्या दोन झुडपांचं फुलण्याचं साल जुळत नसेल, तर त्यांचा संकर होणार कसा? सड्यावरही पावसाळ्याच्या प्रत्येक पंधरवड्याची फुलं निराळी असतात.

२०२३ साली विशाळगडाच्या परिसरातून एका खरपुडीची नोंद झाली आणि तिला छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावावरून शिवरायियाना हे नाव मिळालं. बातम्यांत ती ‘नवी प्रजाती’ होती. नवी ती शास्त्राच्या वहीत. कड्यावर ती आपल्या कितीतरी पिढ्या आधीपासून राहत असणार. गडांच्या तुटलेल्या कड्यांनी माणसांना आसरा दिला तसा वनस्पतींनाही दिला, म्हणून हे नाव मला मनापासून आवडतं.

आणि म्हणूनच पुढचं लिहिताना जीव तुटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याचे चिरे काढायला सडेच्या सडे खणले जातात. कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरची माती भरून आंब्याची कलमं लावली जातात. त्या बागायतदाराला मी दोष देणार नाही, त्याचं पोट तिथे आहे. पण जी प्रजाती एखाद-दोन सड्यांवरच राहते, तिच्यासाठी एक खाण म्हणजे निम्मं जग. त्यात पावसाचं वेळापत्रक बिघडतंय. जूनमध्ये कंद फुटून वर आला आणि नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं राहिलं, तर इंचभर मातीतलं ते रोप कशावर तगेल? गारव्यासाठी आणखी वर सरकायचं म्हटलं तर सड्याच्या वर आभाळच आहे.

कंद रोपवाटिकेत वाढवता येतात, प्रयोगशाळेत रोपंही तयार होतात, आणि कोल्हापुरात हे काम उत्तम झालं आहे. त्याने प्रजाती वाचते. कुंडीत मात्र ती माशी नाही, तो वारा नाही, शेजारचा तुटलेला सडाही नाही. तिथे नवं काही घडणार नाही.

अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ते चांगलं झालं. कोकणातल्या खासगी मालकीच्या सड्यांना असं छत्र मिळणं अवघड आहे. पण २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती स्वतःची नोंदवही दिली आहे. तिच्यात गावचा सडा, त्याच्यावरची खरपुडी, दीपकाडी, वायतुरा, फुलण्याच्या महिन्यासकट आणि जागेसकट लिहिता येतात. खाणीचा प्रस्ताव आला की तिथे काय होतं, हे दाखवायला गावाकडे निदान कागद असतो. तो भरायचा तर जून ते सप्टेंबर याच महिन्यांत, एकाच सड्यावर पुन्हा पुन्हा जावं लागतं. कोरड्या दिवसांत केलेल्या पाहणीत कातळाखेरीज काही सापडत नाही, आणि असा अहवाल कुठल्याही परवानगीसाठी ग्राह्य धरला जाऊ नये.