तांबे गेले, काच आली!

पनवेलला रस्ता खणलेला दिसला की पूर्वी लोक विचारीत, "पाण्याची पाइपलाइन का हो?" आता शाळकरी पोरही सांगते, "फायबर टाकताहेत!" ह्या काळ्या भेंडोळ्यात आहे तरी काय, आणि ते घरात आल्याने लाभ किती व तोटा किती, हे वाण्याच्या वहीसारखे जमा-खर्च मांडून पाहू.

आत आहे काच. खिडकीची नव्हे, तर अतिशुद्ध सिलिकाची. तिच्या धाग्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याइतकी. प्रकाश मधल्या गाभ्यातून धावतो आणि बाजूला निसटू लागला की भोवतालच्या काचेच्या थरावरून पुन्हा आत परततो. ह्या प्रकाशाची लुकलुक म्हणजेच आपला संदेश.

१९५४ साली लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजात नरिंदरसिंग कपानी ह्या आपल्या पंजाबी शास्त्रज्ञाने हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. पण प्रकाश थोड्याच अंतरात मंदावे. दोष काचेचा नाही, तिच्यातल्या मळाचा आहे, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने तशी स्वच्छ काच करून दाखविली. काओंना २००९ साली नोबेल मिळाले. आपल्या देशात टेलिफोन एक्स्चेंजे जोडणारी पहिली काचतार १९७९ साली टाकली गेली ती पुण्यात!

आता जमेची बाजू. आजच्या उत्तम तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे शेजारच्या विजेच्या तारांची खरखर तिला बाधत नाही. तांब्याची तार चोराला भंगारात पैसे देई. काचेला तो बाजार नाही. आणि भाऊबीजेला अमेरिकेतला भाऊ पडद्यावर ओवाळून घेतो, तेव्हा त्याचा चेहरा समुद्राच्या तळाशी पसरलेल्या अशाच तंतूंतून आलेला असतो.

खर्चाची बाजूही लहान नाही. तार फार दुमडली की प्रकाश गळतो. तुटली की तांब्यासारखी पीळ देऊन चालत नाही. टोके नीट कापून यंत्राने वितळवून जोडावी लागतात. एका फावड्याने अख्खी वसाहत मुकी होते. म्हणूनच खणण्यापूर्वी खाली काय पुरले आहे ते कळावे ह्यासाठी सरकारने २०२३ साली 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढले.

परंतु सर्वांत मोठा तोटा जाहिरातीत कोणी सांगत नाही. जुन्या तांब्याच्या टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधूनच येई; घरात अंधार असला तरी तो वाजे. काच वीज वाहत नाही, हा तिचा गुणच इथे अवगुण ठरतो. घरातली पेटी बंद, की फोनही बंद. गेल्या पावसाळ्यात रात्री वीज गेली असता आमच्या मजल्यावरच्या आजींना दम लागला. मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि उशाशी ठेवलेला फोन मुका. त्यांनी भिंतीवर पळीने ठोकले म्हणून आम्हांला कळले व आम्ही त्यांना वेळेवर डॉक्टरांकडे नेऊ शकलो.

म्हणून नवी जोडणी घेताना वेगाआधी एक प्रश्न विचारावा: "वीज गेल्यावर हे किती वेळ चालेल?" पेटी आणि राउटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी घ्यावी, मात्र दोन्हींवर लिहिलेले व्होल्ट जुळतात का ते पाहावे. कपाटामागे तार चेंगरू नये. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. वडीलधारी माणसे असतील तर एक मोबाइल सदैव भरलेला ठेवावा.

एवढी तजवीज केली तर माझ्या हिशेबी जमाच जास्त उरते. काच घरात जरूर यावी. पण फराळाच्या बरण्या आपण जशा जपतो, तशी तीही जपावी.