खारेपाटात समुद्र कधी शिरला?

हिमयुग म्हटलं की डोळ्यांपुढे बर्फ येतो. पेण-रोह्याला हिमनद्या कधी पोचल्या नाहीत. इथे समुद्रच मागे हटला होता. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी इतकं पाणी उत्तरेकडच्या बर्फात अडकलं होतं, की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. धरमतरची खाडी तेव्हा नव्हतीच. नागोठण्याची अंबा आणि रोह्याची कुंडलिका आजचा किनारा ओलांडून, कोरड्या सपाटीवरून आणखी पश्चिमेला जात असणार.

पुरावा? एक तर शेजारीच, मुंबई बंदरात. १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे निघाले, कित्येक मुळांवर उभेच. लाकूड खैराचं. खैर रायगडच्या डोंगरउतारांवरही आहे, कातकरी ज्यापासून कात काढत तोच. खाऱ्या चिखलात तो रुजत नाही. म्हणजे बोटी लागतात तिथे कधीकाळी रान होतं. मात्र पाणी चढलं की जमीन खचली, हे नुसत्या बुंध्यांवरून सांगता येत नाही.

त्यासाठी आणखी खोल जावं लागतं. मुंबईसमोरच्या समुद्रात ६० ते ९० मीटर खाली ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ नावाचं पठार आहे. तिथले चुनखडक उथळ पाण्यात घडलेले. असे नमुने तपासून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: १०,००० ते ७,००० वर्षांपूर्वी समुद्र झपाट्याने चढला आणि आजच्या पातळीजवळ आला. त्या हिशेबाने आपला खारेपाट, म्हणजे खाडीकाठची ही खाऱ्या गाळाची सपाटी, अगदीच तरणा. त्याखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा.

अशा तरण्या गाळाचं वय काढतात ते त्यात सापडणाऱ्या शिंपल्या-लाकडातल्या कार्बन-१४ वरून. जीव मेला की हा कार्बन घटू लागतो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. ऐकायला सोपं, पण खाडी फसवते. शिंपला समुद्राच्या पाण्यातला जुना कार्बन घेऊन वाढतो, त्यामुळे साधारण चारशे वर्षांनी म्हातारा दिसतो. तेवढी दुरुस्ती करावी लागते. चिंबोऱ्या आणि निवट्या बिळं करून वरचा ताजा गाळ खाली नेतात. भरती जुनं लाकूड कुठूनही आणून टाकते. म्हणून जाणकार माणूस बोअर मारून काढलेल्या गाळात ओंडका शोधत बसत नाही. त्याला हवं असतं एखादं नाजूक पान किंवा बी, जे लांबून वाहत आलं असतं तर केव्हाच फाटलं असतं.