कॉलेजच्या टीममध्ये जायचंय?

कोचचा फोन आला की घरात लगेच पेढे! पण आम्ही हायस्कूलवाले आधी विचारतो, पैशांचं काय? एनसीएएच्या डिव्हिजन ३ मधली आणि आयव्ही लीगची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. जिथे मिळते तिथे ती एका वर्षाची की चार, आणि गुडघा दुखावला तर पुढे काय, हे लेखी मागावं.

दुसरा प्रश्न वेळेचा. डिव्हिजन १ मध्ये सीझनला आठवड्याचे २० तास ही मर्यादा. ऐकायला बरं वाटतं! पण प्रवास त्यात धरत नाहीत, आणि दिवसभर चाललेली स्पर्धाही ३ तासच मोजतात. मग दुपारची केमिस्ट्री लॅब कधी करायची? हे तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या खेळाडूंना विचारा, कोच जवळ नसताना. आई-बाबांनाही जरा लांबच बसवा.