हिवतापातील पानथरी
परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी गाळता गाळता पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. रुग्णाला उताणे झोपवून डॉक्टर उजव्या ओटीपोटापासून डाव्या बरगडीकडे बोटे सरकवतात. खोल श्वासाबरोबर तिची कडा हाताला लागते. मात्र निदान रक्ताच्या तपासणीवरच ठरते. नांदेड-लातूरच्या सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. किनवट-माहूर पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आढळतो आणि त्यातही पानथरी वाढू शकते, म्हणून नुसते पोट चाचपून हिवताप ठरवणे धोक्याचे.

व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापावर ३ दिवस क्लोरोक्विन, १४ दिवस प्रायमाक्विन. गरोदर स्त्रियांना प्रायमाक्विन देत नाहीत. ताप उतरला तरी गोळ्या पुऱ्या कराव्यात, कारण यकृतात दडलेले परजीवी पुन्हा उचल खातात. फाल्सिपॅरम प्रकाराला आर्टेमिसिनिन गटाचे संयुक्त औषध लागते. उपचारानंतर पानथरी हळूहळू ओसरते. तोवर पोट चोळू नये. ती फुटून जिवावर बेतू शकते.